टरेलच्या अंधारात बसायचं असेल तर

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मॅट्रेस फॅक्टरी या कलासंग्रहालयात पहिल्यांदाच जाताय ना? मग प्रकाश हेच माध्यम मानणाऱ्या जेम्स टरेल या कलावंताच्या १९८३ च्या ‘प्लीअडीज’ या अंधाऱ्या खोलीतल्या कलाकृतीसाठी निवांत वेळ ठेवा. चाचपडत वर जायचं आणि खुर्चीत बसायचं, बस्स. पहिली दहा-पंधरा मिनिटं मिट्ट काळोख. बरेच जण तेव्हाच कंटाळून उठतात. तुम्ही उठू नका. मोबाइल बंदच करा, मनगटावरचं स्मार्ट घड्याळही. जरा उजेड चमकला की सरावलेल्या डोळ्यांची सगळी मेहनत पाण्यात. टक लावू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टीच्या ऐन मध्यावर नसतातच. हळूहळू काहीतरी धूसर जाणवू लागतं. ते खरं की भास, हे मला विचारू नका! तिथलीच टरेलची दुसरी कलाकृती ‘डॅनाई’ही बघा. समोरचा चौकोन भिंतीवर रंगवल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तिथे भिंतच नाही, पलीकडच्या उजळलेल्या खोलीत उघडणारी चौकट आहे.