डायव्हिंगचे पुढचे कार्ड: कोणाला हवे आणि कधी?

प्रश्न: गेल्या जानेवारीत मी अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, स्कूबाचा ओपन वॉटर हा पहिल्या पायरीचा कोर्स केला. त्यानंतर दोन डाइव्ह झाल्या. पुढच्या दिवशी बोट डिक्सन्स पिनॅकलला निघाली, तेव्हा ‘तुमच्या कार्डावर तिथे नेता येणार नाही, ॲडव्हान्स्ड करा, दोन दिवसांत होऊन जाईल’ असे सांगण्यात आले. वर्षातून एकदा हौसेने डायव्हिंग करणाऱ्या माणसाला या कोर्सची खरोखर गरज असते, की पुढचा कोर्स विकण्यासाठी तसे सांगतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर: इतक्या लांब जाऊन किनाऱ्यावर थांबावे लागले, याचे तुम्हाला वाईट वाटणे साहजिक आहे, पण तुम्हाला थांबवले ते योग्यच झाले. डिक्सन्स पिनॅकल हा पाण्याखालचा सुळका आहे आणि त्याचा माथाच सुमारे 18 मीटरवर आहे. ओपन वॉटर कार्डाची मर्यादा नेमकी 18 मीटर असते, म्हणजे तुमची हद्द संपते तिथे ती जागा सुरू होते. मात्र ‘दोन दिवसांत होऊन जाईल’ हा सल्ला, प्रशिक्षणाच्या चार आणि त्यानंतरच्या दोनच डाइव्ह गाठीशी असलेल्या व्यक्तीला, मी दिला नसता.

ही कार्डे म्हणजे सरकारी परवाने नव्हेत. पॅडी, एसएसआय यांसारख्या प्रशिक्षण संस्थांनी ठरवलेल्या त्या पायऱ्या आहेत. पॅडीच्या पद्धतीत ओपन वॉटरला 18 मीटर, ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरला 30 मीटर आणि खोल डायव्हिंगचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्यावर 40 मीटर अशी मर्यादा आहे. हौशी डायव्हिंग तिथे संपते. हे आकडे कोणी मनाला येईल तसे ठरवलेले नाहीत, आणि थोडा हिशेब केला की ते पटतात.

पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो, त्यामुळे 18 मीटरवर तो 2.8 पट आणि 30 मीटरवर 4 पट होतो. आपण ओढतो ती हवाही त्याच पटीत खर्च होते. मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा डायव्हर 18 मीटरवर मिनिटाला 56 आणि 30 मीटरवर 80 लिटर खर्च करतो. 11 लिटरचा सिलिंडर 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचे एकक, साधारण एका वातावरणाइतके) भरलेला असेल आणि त्यातले 50 बार राखीव ठेवले, तर वापरायला 1650 लिटर हवा उरते. ती 18 मीटरवर साधारण 29 मिनिटे पुरते, 30 मीटरवर जेमतेम 20 मिनिटे. आता शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा विचार करा. पॅडीच्या तक्त्यानुसार वाटेत डीकॉम्प्रेशनसाठी, म्हणजे साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून, सक्तीने न थांबता वर येता यावे, यासाठी 18 मीटरवर 56 मिनिटे आणि 30 मीटरवर 20 मिनिटे राहता येते. म्हणजे 18 मीटरवर हवा आधी संपत येते आणि वेळेची मर्यादा लांब असते, पण 30 मीटरवर हवा आणि वेळ दोन्ही एकाच सुमारास संपतात. वरच्या पाण्यात खपून जाणारी चूक तिथे खपत नाही.

त्यात भर पडते ती नायट्रोजनच्या गुंगीची. एका विद्यार्थ्याला मी 28 मीटरवर पाटी देऊन 20 पासून उलटे आकडे लिहायला सांगितले होते. त्याने 17 दोनदा लिहिला, 14 गाळला आणि ‘सगळे ठीक’ अशी खूण करून पाटी परत दिली. वर बोटीवर स्वतःचे अक्षर पाहिल्यावर तो बराच वेळ गप्प होता. आपली बुद्धी मंदावली आहे हे त्या क्षणी आपल्याला कळत नाही, आणि हवेचा काटाही आपण त्याच बुद्धीने वाचत असतो. हा अनुभव पहिल्यांदा प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असताना यावा, एवढ्या एका कारणासाठीही मी हा कोर्स योग्य मानतो.

‘ॲडव्हान्स्ड’ या नावाने मात्र पुष्कळ गैरसमज होतो. या कोर्समध्ये एकूण पाच डाइव्ह असतात. एक खोल पाण्यातली आणि एक होकायंत्राने दिशा शोधण्याची, या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन आपण निवडायच्या. पाच डाइव्हनी कोणी निष्णात होत नाही, आणि हे कार्ड पाहून एखाद्याच्या कसबाविषयी काही ठरवू नये. लगेच कोर्स करण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे: नवख्या माणसाने पुढच्या पाच डाइव्ह प्रशिक्षकाच्या नजरेखाली केल्या, तर त्याच्या वाईट सवयी मुळातच सुधारतात. मुद्दा खरा आहे. पण ज्याचे सगळे लक्ष पाण्यात तरंगत राहण्यातच गुंतले आहे, त्याला 30 मीटरवर नेऊन त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

म्हणून डाइव्हच्या संख्येपेक्षा मी दोन गोष्टी पाहतो. वर येताना खबरदारी म्हणून 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते, तेव्हा दोर न धरता तुम्ही एका जागी स्थिर राहू शकता का? आणि कोणी न विचारता, दर दोन-तीन मिनिटांनी तुमची नजर आपोआप हवेच्या काट्याकडे जाते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल कोर्स करा. बहुतेकांना त्यासाठी ओपन वॉटरनंतर दहा-पंधरा डाइव्ह लागतात. कोर्स करताना निवडीच्या तीन डाइव्हपैकी एक तरंगण्यावरच्या नियंत्रणासाठी ठेवा. छायाचित्रणाची हौस नंतर भागवता येईल. एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. शिवाय सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत हा कोर्स कोंबू नका, कारण अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास जावे लागतात.

तुम्हाला वर्षातून एकदा 10-12 मीटरवरची प्रवाळे पाहायची असतील, तर तुमचे आताचे कार्ड जन्मभर पुरेल, आणि त्यात काही कमीपणा नाही. प्रकाश आणि रंग उथळ पाण्यातच अधिक दिसतात. पण सुळके आणि बुडालेली जहाजे खुणावत असतील, तर ही पायरी टाळता येणार नाही. आपल्या विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरवणारे आंग्रिया बँक हे प्रवाळांचे पठार आहे. त्याचा सर्वांत उथळ भागही सुमारे 20 मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या त्या ठेव्यापर्यंतही ओपन वॉटरचे कार्ड पोहोचत नाही. तुमच्या विम्याची कागदपत्रेही एकदा वाचून घ्या. आपल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेपलीकडे गेल्यास भरपाई नाकारण्याची अट बऱ्याच पॉलिसींमध्ये असते.

प्रश्न: माझ्या 13 वर्षांच्या मुलाने मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ दोनदा स्कूबा केले आहे. त्याला थेट ॲडव्हान्स्ड कोर्सला घालता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. मालवणला पर्यटकांना मिळतो तो ओळखीचा अनुभव असतो. तिथे प्रशिक्षक सतत धरून असतो आणि त्याचे प्रमाणपत्र धरले जात नाही. आधी ओपन वॉटर कोर्स करावा लागेल, जो 10 वर्षांपासून करता येतो. ज्युनिअर ॲडव्हान्स्डसाठी किमान वय 12 आहे, पण पॅडीच्या नियमाप्रमाणे 12 ते 14 वर्षांच्या मुलांना 21 मीटरपर्यंतच जाता येते. त्यामुळे घाईने फक्त तीन मीटर जास्त मिळतील. दमा, कानाचे दुखणे किंवा फिट येण्याचा इतिहास असेल, तर कोणत्याही कोर्सआधी डॉक्टरांचा लेखी निर्वाळा घ्या.