शुद्ध गणिताच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर इतका कमी का असतो?

आकडा कमी म्हणजे जर्नल हलकं, असं अजिबात समजू नका. मागच्या २ वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो. गणिताला हा हिशेब फार तोकडा पडतो. अँड्र्यू वाइल्स यांची फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता १९९५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आली, ती शंभरावर पानांची. असा लेख ओळ न् ओळ पचवायचा, त्याच्या आधारे स्वतःचं काही सिद्ध करायचं, मग परीक्षकांकडे कित्येक महिने. तोवर ती २ वर्षं केव्हाच सरलेली असतात. शिवाय गणिती लेखांची संदर्भयादीही छोटी. गणिती लेखांची नोंद ठेवणाऱ्या मॅथसायनेट या डेटाबेसचा एमसीक्यू (मॅथेमॅटिकल सायटेशन कोशंट) हा असाच आकडा २ ऐवजी ५ वर्षं धरतो, तो बघा. मी तर आधी जुन्या अंकांतले लेख आजही वापरले जातात का, तेच पाहतो.