कार्बन कराला लोक इतका विरोध का करतात?

कार्बन कर म्हणजे कोळसा, पेट्रोल यांसारखी इंधनं जाळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर लावलेला कर. त्याला विरोध करणारे सगळे हवामानबदल नाकारणारेच असतात का, असं तुम्ही विचारलंय. नाही. बऱ्याच जणांचा राग विज्ञानावर नसतो, खिशाला बसणाऱ्या चाटेवर असतो.

फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत पिवळं जॅकेट ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. इंधनावरचा कर आणखी वाढणार म्हटल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये लोक तेच जॅकेट घालून चौकाचौकांत उभे राहिले. पॅरिसकराला मेट्रो आहे. खेड्यातल्या माणसाला कामावर जायला गाडीशिवाय इलाज नाही. शेवटी डिसेंबरमध्ये सरकारने पुढच्या वर्षीची करवाढ मागे घेतली.

कॅनडाचं उदाहरण मला जास्त चटका लावतं. २०२४ मध्ये तिथे कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ८० कॅनेडियन डॉलर, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे साधारण साडेसतरा सेंट आकारले जात. केंद्राचा हा आकार लागू असलेल्या प्रांतांत त्यातला बहुतेक पैसा दर तीन महिन्यांनी लोकांना परत मिळे. पण पंपावरचा आकडा टाकी भरताना दर वेळी डोळ्यांसमोर फिरतो, खात्यात गुपचूप जमा झालेली रक्कम कोणाच्या लक्षात राहते? १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा आकार बंदच झाला. (ऑस्ट्रेलियाने तर २०१२ ची कार्बनवरची आकारणी दोनच वर्षांत रद्द केली.)

कोळसा आणि तेल कंपन्यांचा दबाव असतोच, तो खराच आहे. तरी स्वीडनमध्ये हा कर १९९१ पासून टिकून आहे, आणि तो आणला त्याच सुधारणेत प्राप्तिकर कमी केला होता.