‘ओस पडलेली’ की ‘ओस पाडलेली’?

पणजीच्या एका प्रदर्शनासाठी मराठी माहितीफलक लिहिणाऱ्या ताईंनी विचारलंय: इन्स्टॉलेशनला, म्हणजे वस्तू मांडून उभ्या केलेल्या कलाकृतीला, ‘प्रतिष्ठापना’ म्हणावं का? युद्धात घर सुटलेल्यांना ‘निर्वासित’ म्हणावं की ‘विस्थापित’? आणि पॅलेस्टिनी कलाकार एमिली जासिर यांच्या २००१ सालच्या तंबूच्या कलाकृतीचं नाव ‘१९४८ साली इस्रायलने उद्ध्वस्त केलेल्या, ओस पडलेल्या आणि व्यापलेल्या ४१८ पॅलेस्टिनी गावांचे स्मारक’ असं केलं तर चालेल का? फलकाचा मसुदाही त्यांनी सोबत धाडलाय.

‘प्रतिष्ठापना’ नकोच. गोव्यात हा शब्द वाचला की माणूस आधी भटजी कोण आणि मुहूर्त कधीचा ते विचारील. ‘मांडणशिल्प’ मराठीत रुळलाय, तो घ्या. कोरलेलं काही नसताना ‘शिल्प’ कसलं, असं म्हणून नाक मुरडणारे भेटतील, मुरडू देत.

दुसऱ्या प्रश्नात कायद्याची मेख आहे. १९५१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार निर्वासित ठरायला छळाच्या भीतीने देशाबाहेर पडलेलं असावं लागतं. देशातल्या देशात हुसकावलेले ते विस्थापित. पण आपला कान कायदा वाचून ऐकत नाही. ‘निर्वासित’ म्हटलं की जुन्या माणसांना फाळणी आणि उल्हासनगरची सिंध्यांची छावणी आठवते. ‘विस्थापित’ म्हटलं की धरण, आणि गोव्यात सांग्याच्या बाजूला तर थेट साळावली धरण आणि त्यात बुडवलेलं कुर्डी गाव. म्हणून सीमेच्या आतल्यांसाठी ‘युद्धविस्थापित’ असं जोडून लिहा, घोटाळा होणार नाही. १९७१ च्या पाच पैशांच्या टपाल तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ छापलं होतं, तरी मराठीने तो शब्द फारसा उचलला नाही. बरंच झालं. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. निर्वासित म्हणजे घालवून दिलेला. ‘स्थलांतरित’ हिवाळ्यातल्या पक्ष्यांना राहू द्या.

आता शीर्षक. गाव ओस पडतं ते साथीने, दुष्काळाने, नाहीतर पोरं मुंबईला गेली म्हणून. त्यात कुणाचा हात दिसत नाही. मूळ इंग्रजी नावात मात्र तिन्ही क्रिया इस्रायलच्या नावावर आहेत. तुमच्या वाक्यात ‘इस्रायलने’ हा कर्ता ‘उद्ध्वस्त केलेल्या’ला लागतो, ‘व्यापलेल्या’ला लागतो आणि मधल्या शब्दापाशी गळून पडतो, कारण ‘इस्रायलने ओस पडलेल्या’ अशी मराठी नाही. एक काना द्या, ‘ओस पाडलेल्या’ करा. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, बुडणे-बुडवणे या जोड्या आपल्याकडे आयत्या आहेत, तरी सरकारी मराठी नेमका पहिलाच शब्द उचलते. कुर्डीचंच घ्या: ‘गाव पाण्याखाली गेला’ असं छापून येतं; ज्यांचं घर गेलं तो माणूस ‘गाव बुडवला’ म्हणतो.

तंबूच्या वर्णनात तुम्ही ‘काळ्या दोऱ्याने विणलेली गावांची नावं’ लिहिलंय. विणकाम मागावर होतं, नाहीतर लोकरीच्या सुयांवर. इथे निर्वासितांच्या तंबूचं तयार कापड आहे आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आलेल्या-गेलेल्यांनी, त्यात पॅलेस्टिनी होते तसे इस्रायलीही, सुईदोरा घेऊन त्यावर एकेक अक्षर टाक्याटाक्याने भरलंय. तेव्हा ‘भरलेली नावं’ लिहा, आणि ‘भरलेली’ एकटं पोरकं वाटलं तर ‘भरतकामाने भरलेली’.