आयसी तीच, पाय वेगळे

प्रश्न : सांगलीत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ७४एचसी५९५ घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "डीआयपी विसर आता, सगळं एसएमडीच येतंय." ब्रेडबोर्डचे दिवस संपले का?

त्याच्याकडे माल नव्हता, एवढंच यातून कळतं. ७४एचसी५९५ ही शिफ्ट रजिस्टरची आयसी आजही डीआयपीत, म्हणजे भोकांत बसणाऱ्या दोन ओळींच्या पायांच्या डब्यात बनते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असेल तर नंबराच्या शेपटाकडे बघ. शेवटी एन असेल तर डीआयपी, डी असेल तर एसओआयसी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारी, एसएमडीतलीच एक. ५५५ या टायमर आयसीला मात्र तीच कंपनी डीआयपीसाठी पी लावते. त्यामुळे शेपटं पाठ करून भागत नाही, डेटाशीटमधला ऑर्डरिंगचा तक्ता उघडायची सवय लाव.

तरी दुकानदाराचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. डीआयपी १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत जन्मली. दोन ओळी आणि शेजारशेजारच्या पायांत ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिमी अंतर. पाय भोकांत घालायचे आणि वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड न्यायचा, या पद्धतीला ते माप सोयीचं होतं. आज कारखानदाराला बोर्डाला भोकं पाडणंच जिवावर येतं. मी एकदा ५५५ ची डीआयपी पक्कडीत धरून फोडली होती. आत तांदळाच्या कणीएवढा सिलिकॉनचा तुकडा निघाला, बाकी सगळं काळं प्लास्टिक आणि पत्र्याचे पाय. तोच तुकडा एसओआयसीत साधारण ४.९ गुणिले ३.९ मिमीच्या डब्यात मावतो. मग लाखांनी माल उचलणारा मोठा डबा कशाला घेईल? माझा अंदाज असा, की जुने नंबर डीआयपीत बरीच वर्षं मिळत राहतील, पण वाढत्या भावाने. नवीन चिप डीआयपीत निघेल ही आशा मात्र सोड.

एसओआयसीला घाबरू नकोस. तिच्या पायांतलं अंतर १.२७ मिमी, डीआयपीच्या बरोबर निम्मं. अडॅप्टर बोर्डावर (आयसीचे बारीक पाय २.५४ मिमीच्या अंतरावर आणणारी छोटी पाटी) फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरवणारा लेप, लाव, एका कोपऱ्याच्या पट्टीवर थोडं सोल्डर ठेव, चिमट्याने आयसी सरकवत तोच पाय टेकव. आता भिंगातून तिरका समोरचा कोपरा बघ. सरळ बसला असेल तरच पुढचे पाय लाव. दोन पाय चिकटले तर पुन्हा फ्लक्स आणि स्वच्छ टोक, ओरबाडायचं नाही. अडॅप्टरला पिना लावल्या की तो ब्रेडबोर्डवर बसतो. रास्पबेरी पाय पिको ही छोटी मायक्रोकंट्रोलर पाटी याच वळणाची आहे. चिप बारीक अंतराची, बोर्ड मात्र ४० पिनांचा आणि २.५४ मिमीच्या अंतराचा. डबा जाईल, माप राहील.

प्रश्न : अकोल्यात रिपेअरिंगचं दुकान आहे. ऑनलाइन ०६०३ रेझिस्टर मागवले, आले ते मोहरीपेक्षा बारीक. फसवणूक झाली का?

फसवणूक नसावी. तुम्ही इंची ०६०३ धरलात (१.६ गुणिले ०.८ मिमी), आणि विकणाऱ्याने मेट्रिक ०६०३ पाठवला (०.६ गुणिले ०.३ मिमी), ज्याला इंची भाषेत ०२०१ म्हणतात. आकडा एकच, वस्तू दोन. ऑर्डर देताना मिलिमीटरच लिहा. हे भांडण जुनंच आहे. सोव्हिएत आयसींच्या पायांत २.५४ ऐवजी २.५ मिमी अंतर असे. चौदा पायांना ते खपून जातं. चाळीस पायांच्या आयसीत एका ओळीत १९ फटी, म्हणजे शेवटपर्यंत ०.७६ मिमीचा फरक. सॉकेटमध्ये दाबून बसवायला गेलं की पाय वाकलाच.

प्रश्न : चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. एका जुन्या मशीनचं कार्ड झेड८० वर चालतं. ती बंद झाली म्हणतात, आता काय?

झेड८० हा प्रोसेसर बनवणाऱ्या झिलॉगने एप्रिल २०२४ मध्ये त्याची झेड८४सी०० मालिका थांबवत असल्याचं कळवलं आणि शेवटच्या ऑर्डरीसाठी जूनच्या मध्यापर्यंत मुदत दिली. १९७६ ची चिप, म्हणजे ४८ वर्षं टिकली. तिची पुढची आवृत्ती ईझेड८० चालू आहे, पण ती तुमच्या चाळीस पायांच्या सॉकेटात बसणार नाही.

तरी प्रोसेसरची चिंता दुसऱ्या नंबरावर ठेवा. त्या कार्डावर काचेची खिडकी आणि वर स्टिकर असलेली ईप्रॉम, म्हणजे मशीनचा प्रोग्राम साठवणारी चिप असेल, तर आधी ती प्रोग्रामरवर वाचून फाइल दोन ठिकाणी ठेवा. ईप्रॉममधला चार्ज दशकांनी विरतो. झेड८० मिळेल, पण तुमच्या मशीनचा प्रोग्राम बाजारात मिळत नाही. स्टिकर काढू नका, सोलला असेल तर नवा लावा.

मग दोन-चार झेड८० घेऊन ठेवा. अधिकृत वितरकाकडे शिल्लक असेल तर उत्तम. बाजारातून घेणार असाल तर जपून. मला एकदा एका विक्रेत्याने आयसी भरून येतात त्या एकाच नळीत दोन तारखांच्या ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या आयसी) दिल्या होत्या. डेट कोड ९८३४ म्हणजे १९९८ चा चौतिसावा आठवडा, शेजारीच २००५ ची. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर काळा लेप निघाला आणि खाली दुसराच नंबर. पायांवर आधीचं सोल्डर दिसणं, कडेचा गोल खळगा अर्धा बुजलेला असणं, ही अशाच रंगवून विकलेल्या जुन्या मालाची लक्षणं. चिप कार्डावर चढवण्याआधी वेगळ्या सॉकेटात चालवून बघा.

प्रश्न : जुन्या बोर्डावर लेडफ्री सोल्डर वापरू का?

नको. जुना जोड ६३/३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) असेल तर १८३ अंशांना वितळतो, लेडफ्री साधारण २१७ च्या पुढे. उष्णता वाढवली की जुन्या बोर्डाची पट्टी उचलते. युरोपात शिशावर बंधन १ जुलै २००६ पासून आलं, त्यामुळे त्याआधीच्या बोर्डावर बहुधा शिसेवालंच आहे. काम झालं की हात धुवा.

प्रश्न : साणंदला चिप पॅकेजिंगचे कारखाने येतायत. आपल्याला तिथून डीआयपी मिळतील?

आशा धरू नका. गुजरातेतल्या साणंदच्या सीजी सेमी प्रकल्पात रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स भागीदार आहेत. तिथे जुन्या प्रकारची पॅकेजेस बनणार म्हणजे काय, तर चारही बाजूंना पाय असलेली क्यूएफपी आणि क्यूएफएन. अजूनही नवी म्हणून ज्यांना आपण बिचकतो, ती तिथे 'जुनी' आहेत. क्यूएफएनला तर पायच नसतात, पोटाखाली पट्ट्या. त्यासाठी हॉट एअर घ्या आणि आधी एखाद्या भंगार मदरबोर्डवर हात साफ करा.