पालक की मेथी: अंगी काय लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मुलगी बारावीला लातूरला राहते. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. तिची मावशी म्हणते रोज पालकाचा ज्यूस द्या, आई म्हणते मेथी. नक्की कशात जास्त ताकद?'

दादा, या दोन्हींतलीच एक निवडायची तर मेथी. तिच्या आईचं बरोबर आहे. पण नुसत्या मेथीनं ९.८ चं १२ होईल या भरवशावर राहू नका, मी राहिले होते.

आम्ही अंबाजोगाईच्या अलीकडं राहतो. विहिरीच्या कडेच्या पाच-सहा गुंठ्यांत पालेभाजी असते आणि बाजारात मीच बसते. पालक घेणाऱ्या दहा बायकांतल्या चार तरी 'रक्त वाढतं ना हो यानं?' म्हणून विचारतात. मेथी घेताना कुणी विचारत नाही, ती कडू आहे की नाही एवढंच बघतात.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं देशभरातले नमुने तपासून २०१७ मध्ये नवे तक्ते काढले. त्यात निवडलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मेथीत लोह ५.७ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, पालकात ३ च्या जवळ. कॅल्शियम मेथीत २७४, पालकात ८२. प्रथिनं, चोथा, क जीवनसत्त्व, सगळ्यांत मेथी दीडपट-दुप्पट पुढं. पालक बाजी मारतो ती फोलेटमध्ये, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वात. पालकात १४२ मायक्रोग्रॅम, तर मेथीत साधारण ७५. आणि रक्त तयार व्हायला लोहाइतकंच फोलेटही लागतं, म्हणून मावशीला अगदीच खोटं पाडू नका.

पालकाच्या लोहाचा एवढा बोलबाला का, तर जुन्या तक्त्यांत पालकाचं लोह १०.९ छापलेलं असायचं. पुढं सुधारित तक्त्यात तेच १.१४ झालं आणि २०१७ मध्ये ते ३ च्या आसपास आलं. पानाला धूळमाती राहिली तरी मोजणीत लोह फुगतं. तक्ते बदलले, पण लोकांच्या डोक्यातला आकडा जुनाच राहिला. शिवाय परदेशातला पालक आणि आपला देशी पालक ही झाडंच वेगळी. आम्ही लावतो तो 'ऑल ग्रीन' नावाचा वाण, तो बीटच्या भाऊबंदांतला. विलायती पालक वेगळ्या वंशातला. म्हणून इंटरनेटवरचा अमेरिकेतला आकडा आपल्या जुडीला जसाच्या तसा लावता येत नाही.

पण पानात किती आहे यापेक्षा अंगी किती लागतं ते बघावं. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये ६५० मिलिग्रॅमच्या घरात. ते कॅल्शियमला धरून बसतं. त्यामुळं पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम पाच टक्के शरीराला मिळतं, तर दुधातलं पाव हिश्शाहून जास्त मिळतं. मेथीत हे ऑक्झलेट फार कमी. म्हणून कॅल्शियमच्या बाबतीत मेथी तक्त्यात दिसते त्याहूनही पुढं आहे.

याच कारणानं मला तो ज्यूस पटत नाही. दोनशे ग्रॅम कच्चा पालक वाटून प्यायला की एका ग्लासात एक ग्रॅमच्या वर ऑक्झलेट जातं, तेही रोज. मुतखडा बहुतेक वेळा याच ऑक्झलेटचा बनतो, म्हणून घरात कुणाला तो झालेला असेल तर हे अजिबात नको. त्या माणसानं पालक खायचाच तर उकडून, पाणी ओतून देऊन खावा. मुलीला मूतखड्याचा त्रास नसेल तर तिच्यासाठी पाणी ओतायची गरज नाही, फोलेट त्याच पाण्याबरोबर जातं. तुरीच्या डाळीत घालून गरगटं करा, पाणी आतच राहतं. (रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारं कुणी घरात असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका आणि बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. गोळीचा डोस त्यावर हलतो.)

आता वाटीचा हिशोब. मेथीची जुडी निवडली की निम्मी उरते. चौघांत वाटली तर मुलीच्या ताटात ४० ग्रॅम पडतील, म्हणजे सव्वादोन मिलिग्रॅम लोह. तेवढ्याच पालकात सव्वा. म्हणजे मावशी आणि आईचं भांडण चाललंय ते एका मिलिग्रॅमसाठी. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला लोह हवं ३२ मिलिग्रॅम. भाजीपाल्यातलं शंभरातलं पाच-दहाच अंगी लागतं हे धरूनच तो आकडा एवढा मोठा ठेवलाय.

बाकीचं कुठून यायचं? भाकरीतून. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात जवळजवळ ४ मिलिग्रॅम लोह असतं, बाजरीत ६ च्या वर. दोन भाकरी खाल्ल्या की भाजीच्या दुप्पट-तिप्पट लोह ताटात आलं. पण लातूरच्या मेसमध्ये पोरींना मैदा मिसळलेल्या पातळ पोळ्या आणि बटाट्याचा रस्सा मिळतो, असं माझी भाची सांगते. तिथं पालक की मेथी हा प्रश्न विचारण्याआधी भाकरी मिळते का ते विचारा.

दुसरं, लिंबू. जेवतानाच अर्धं लिंबू भाजीवर पिळलं की भाजीतलं आणि भाकरीतलंही लोह जास्त शोषलं जातं. शिजवताना घालू नका, उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. पेरूचे दिवस असतील तर जेवणाबरोबर पेरू खाल्लेला आणखी बरा. आणि जेवणावर लगेच चहा नको, निदान तासभर. आमच्याकडं हे कुणाला पटत नाही. माझ्या सासूबाई हात धुवायच्या आधी चहा टाकायला सांगतात.

तांदुळज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. त्याचं कॅल्शियम मेथीच्याही वर, ३३०, आणि लोह साडेचारच्या पुढं. ऑक्झलेट मात्र पालकासारखंच बक्कळ, म्हणून कॅल्शियमच्या आकड्यावर भुलू नका. तूर-सोयाबीनमध्ये आपोआप उगवतो, खुरपून बांधावर टाकतो आम्ही. शेवग्याचा पालाही असाच, क जीवनसत्त्व शंभराच्या वर, पण तो शेळ्यांना घालतात. या दोन्ही भाज्या बाजारात नेल्या तर परत घरी येतात, म्हणून मीही नेत नाही.

आता माझं. दुसऱ्या खेपेला पोटुशी होते तेव्हा माझं ९ होतं. गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून त्या गादीखाली ठेवून मी रोज मेथी खात राहिले. शेत आपलं, भाजी ताजी, आणखी काय पाहिजे, असं वाटायचं. दोन महिन्यांनी तपासलं तर तेवढंच. नर्सबाईंनी रिकामी पाकिटं दाखवा म्हटल्यावर बिंग फुटलं. मग झोपताना लिंबूपाण्याबरोबर गोळी घ्यायला लागले, मळमळ सहन होण्याइतकी झाली आणि आकडा हलला. तेव्हा ९.८ ला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवा. शी काळी होते, घाबरायचं नसतं. मधेच सोडू नका, आकडा वर आल्यावरही डॉक्टर थोडे महिने चालू ठेवायला सांगतात. पाळीत अंगावरून जास्त जातं का, जंत आहेत का, बी-१२ कमी आहे का, हेही तिला विचारा आणि तपासून घ्या. त्यातलं काही असेल तर गाडीभर मेथीनं काही होत नाही.

सुट्टीला घरी आली की मेथीचा घोळाणा करा. कोवळी पानं तीन पाण्यानं धुवायची, कारण मेथी मुळासकट उपटतात आणि काळी माती पानाच्या बुडाला चिकटलेली असते. बारीक चिरून कांद्याची पात, दाण्याचा कूट, तिखट, मीठ, वरून करडईचं कच्चं तेल आणि लिंबू. शिजवायचं नसल्यामुळं क जीवनसत्त्व शाबूत राहतं. कडू लागली तर कूट वाढवा. डब्यात घालून एसटीनं लातूरला मात्र पाठवू नका, पोचेपर्यंत पाणी सुटतं. डब्यासाठी मेथी घालून ज्वारीचे धपाटे करा, दोन दिवस टिकतात.