‘टीव्हीवर पहिल्यांदाच’ नाइन-डार्टर : कोणाचा पहिला, कशातला पहिला?

डार्ट्समध्ये लेग म्हणजे एक डाव. तो ५०१ गुणांपासून सुरू होतो आणि नेमक्या शून्यावर संपतो; तो नऊच डार्टांत संपवला की त्याला नाइन-डार्टर म्हणतात. प्रश्न असा आहे : ‘फिल टेलरने १ ऑगस्ट २००२ रोजी ब्लॅकपूलला टीव्हीवर पहिल्यांदाच नाइन-डार्टर मारला’ हे वाक्य बरोबर का? त्यात ‘प्रक्षेपण’ आणि ‘थेट प्रक्षेपण’ यांचा फरक पाळायला हवा का?

वाक्य व्याकरणात बसते, पण त्याचे दोन अर्थ होतात. ‘पहिल्यांदाच’ क्रियेला चिकटते आणि क्रियेचा कर्ता टेलर आहे. म्हणून ‘टेलरने स्वतः टीव्हीवर पहिल्यांदा’ हा अर्थ आधी लागतो, आणि तो खरा आहे. बहुतेक वाचक मात्र ‘आजवर कोणी केले नव्हते’ असा अर्थ घेतात, आणि तो चूक आहे. विक्रमच सांगायचा असेल तर क्रियाविशेषण सोडावे आणि ‘पहिला’ हे विशेषण नामाला जोडावे : ‘टीव्हीवर दिसलेला पहिला नाइन-डार्टर’. असे लिहिले की कर्त्याच्या जागी टेलर बसतच नाही.

तिथे जॉन लो येतो. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी स्लाउ येथे वर्ल्ड मॅचप्ले स्पर्धेत कीथ डेलरविरुद्ध त्याने ५०१चा लेग नऊ डार्टांत संपवला. पहिले सहा डार्ट ट्रेबल २०मध्ये (ट्रेबल म्हणजे आकड्याच्या तिप्पट गुण, डबल म्हणजे दुप्पट), म्हणजे ३६०. उरलेल्या १४१साठी ट्रेबल १७, ट्रेबल १८ आणि डबल १८. बक्षीस होते १,०२,००० पौंड. कॅमेऱ्याने हे सारे टिपले, पण प्रेक्षकांनी पाहिले ते नंतर.

म्हणूनच ‘थेट’ हा शब्द शोभेचा नाही. ‘प्रक्षेपण’ म्हणजे दाखवले जाणे, मग ते त्याच क्षणी असो की रात्री उशिरा. ‘थेट’ जोडला की १९८४ बाद होते आणि २००२ पुढे येते. पण तेवढ्यानेही टेलरचा दावा टिकत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत शॉन ग्रेटबॅचने डच ओपनच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह कूटविरुद्ध नाइन-डार्टर मारला होता, आणि तो नेदरलंड्समध्ये थेट दाखवला गेला होता. टेलरने क्रिस मेसनविरुद्ध केलेली कामगिरी ब्रिटिश टीव्हीवर थेट दिसलेली पहिली. नेमके वाक्य असे होईल : ‘ब्रिटनमध्ये थेट प्रक्षेपित झालेला पहिला नाइन-डार्टर टेलरचा.’ यातले ‘ब्रिटनमध्ये’ किंवा ‘थेट’ काढून बघा, वाक्य लगेच खोटे ठरते.

‘जागतिक अजिंक्यपद’ हे शब्दही असेच घसरवतात. १९९०मध्ये पॉल लिमने जॅक मॅकेनाविरुद्ध केलेला नाइन-डार्टर या स्पर्धेतला पहिला, पण ती बीडीओची (ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनची) स्पर्धा. नंतर संघटना फुटली आणि पीडीसीची (प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशनची) वेगळी जागतिक स्पर्धा सुरू झाली. तिच्यातला पहिला रेमंड व्हान बार्नेव्हेल्डचा, २००९मध्ये येले क्लासनविरुद्ध. संघटनेचे नाव लिहिले तर दोन्ही ‘पहिले’ सुखाने नांदतात, गाळले तर एकाचा मान दुसऱ्याला जातो.

दावा तपासताना तारखेइतकीच बेरीजही पाहावी. नऊ डार्टांची बेरीज ५०१ व्हायला हवी आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये किंवा बुलमध्ये (फळ्याच्या मधोमध) हवा. बुलचे ५० डबल म्हणूनच धरतात. आठ डार्टांत लेग संपणे शक्यच नाही : सात ट्रेबल २० आणि एक बुल मिळून ४७० होतात. लिमचा शेवट ट्रेबल २०, ट्रेबल १९, डबल १२ असा होता, म्हणजे ६० + ५७ + २४ = १४१. बेरीज जुळली.

वर्ल्ड ग्रां प्री या डार्ट्स स्पर्धेत मात्र १४१ शोधू नये. तिथे लेगची सुरुवातही डबलनेच करावी लागते, त्यामुळे पहिल्या तीन डार्टांत १८० होऊच शकत नाहीत. या पद्धतीत टीव्हीवर दिसलेला पहिला नाइन-डार्टर ब्रेंडन डोलनचा, ऑक्टोबर २०११मध्ये डब्लिनला जेम्स वेडविरुद्ध. डबल २० आणि दोन ट्रेबल २० मिळून १६०, मग १८०, उरले १६१ : ट्रेबल २०, ट्रेबल १७, बुल. त्याच्याविषयी लिहिताना ‘डबलने सुरू होणाऱ्या लेगमधला’ हे शब्द ‘पहिला’च्या आधीच यायला हवेत. ते पुढच्या वाक्यात ढकलले, तर लोचा विक्रम सत्तावीस वर्षांनी डोलनच्या नावावर चढतो.